फुटाला दीड सूत

माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या एका नळीने खाल्ल्या. बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी प्लॅस्टिकची नळी, आत पाणी भरलेलं. फरशी बसवायच्या आधी तिचं एक टोक एका भिंतीला धरायचं, दुसरं समोरच्या भिंतीला, आणि दोन्हीकडचं पाणी थांबलं की पेन्सिलने खूण करायची. त्या दोन खुणा एका पातळीत. एक टोक माझे वडील धरायचे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. दुसरं मी. आप्पा फरशी बसवणारे मिस्तरी. नव्या जालन्यातल्या कंपन्यांच्या ऑफिसांपासून मस्तगडातल्या आमच्या गल्लीपर्यंत किती घरांत मी भिंतीला नाक लावून उभी राहिले याचा हिशोब नाही. मैत्रिणी मामाच्या गावाला जायच्या आणि मी लोकांच्या अर्धवट घरात, सिमेंटच्या धुळीत. जरा हात हलला की पाणी डुचमळायचं आणि खोलीच्या त्या टोकाहून आवाज यायचा, "हालू नको म्हणलं ना." मजुरांच्या समोर, घरमालकिणीच्या समोर. मला त्या नळीचा राग होता आणि त्या आवाजाचा त्याहून जास्त. बारावी झाली त्या दिवशी मी सांगून टाकलं की या नळीला पुन्हा हात लावणार नाही. आप्पा म्हणाले, "नको लावू. तुझ्यावाचून अडलं न्हाई कोणाचं." आमचं बोलणं हे असं.

पुढे मी इंजिनियर झाले, गावाबाहेरच्या एका कॉलेजात करारावर शिकवायला लागले आणि पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय सांगितला की लोक हसायचे नाहीतर घड्याळ बघायचे, म्हणून इथे एकदाच सांगते. हाडं नसलेल्या, मऊ अंगाच्या रोबोने चालायचं. पावलं आपण ठरवून द्यायची नाहीत, त्याची त्याने शोधायची. मंठ्याजवळ माझा मामा तुती लावतो आणि रेशमाच्या अळ्या पाळतो. त्याच्या शेडमध्ये बसून मी अळ्यांचं चालणं तासन्‌तास बघितलं होतं. शेपटीकडून एक लाट उठते, अंगावरून पुढे जाते आणि अळी तेवढी पुढे सरकते. त्यावरून मी सिलिकॉनचा वीतभर लांबीचा एक प्राणी साच्यात ओतून केला. आत पाच कप्पे, प्रत्येक कप्प्याला एक बारीक नळी, आणि नळ्यांच्या टोकाला माशांच्या टाकीला लावतात तसले हवेचे पंप. हवा भरली की कप्पा फुगतो, सोडली की बसतो. कोणता कप्पा कधी फुगवायचा आणि किती वेळ, ही आकड्यांची एक माळ. घरात त्या प्राण्याला सगळे अळीच म्हणायला लागले.

काम असं चालायचं. कॉम्प्युटर आधी अंदाजाने वीस माळा बनवायचा. प्रत्येक माळेवर अळी एक मिनिट चालवायची, आणि ती किती पुढे गेली ते वरून कॅमेरा मोजायचा. सगळ्यांत पुढे गेलेल्या पाच माळा ठेवायच्या, बाकीच्या फेकायच्या. त्या पाचांची आपसांत सरमिसळ करायची, मधला एखादा आकडा मुद्दाम बदलायचा, आणि पुन्हा वीस करायच्या. ती झाली दुसरी पिढी. अशा पिढ्यांवर पिढ्या. कॉम्प्युटरच्या आत खोट्या अळीवर हे सगळं जल्दी होतं, पण मऊ अंगाचं गणित तिथे बराबर बसत नाही, सगळंच सगळीकडून वाकतं. म्हणून मी खऱ्या अंगावरच करायचं ठरवलं. ती चूक नव्हती. चूक वेगळीच झाली.

माझी मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता विद्यापीठात समितीसमोर अळी चालवून दाखवायची, नाही चालली तर नोंदणी रद्द. आणि नोंदणी गेली की नोकरीही जाणार, कारण पीएच.डी.ची नोंदणी नसलेल्यांचा करार पुढे वाढवणार नाही असं कॉलेजने आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. माझं सगळं त्या वीतभर सिलिकॉनवर टांगलेलं होतं.

अशात माझ्या मार्गदर्शक सरांनी मला लॅबमधून बाहेर काढलं. कॉलेजात तपासणी समिती यायची होती, म्हणून भिंतींना रंग लागला, दारात कुंड्या आल्या, आणि माझ्या टेबलावर निळं मखमली कापड घालून कोणीतरी जुन्या ट्रॉफ्या मांडल्या. सर म्हणाले, "मॅडम, चार दिवस घरी न्या ना ते खेळणं." चार दिवसांनी समिती गेली, ट्रॉफ्या राहिल्या. पंधरा दिवसांनी विचारलं तर म्हणाले, "छान दिसतंय हो, राहू द्या. तुमचं काय, कुठंही होतं." सरांचा स्वभाव गोड. गोड बोलून माणसाला दाराबाहेर कसं उभं करावं हे त्यांच्याकडून शिकावं. मी एक शब्द बोलले नाही, कारण शेवटी सही त्यांचीच लागणार होती. तो सगळा राग मी घरी घेऊन आले.

आमच्या घराची मधली खोली लांब आहे. एका टोकाला देव्हारा, दुसऱ्या टोकाला कोपऱ्यात मोरी. खाली शहाबादी फरशी, आप्पांनी स्वतः बसवलेली, वर्षानुवर्षं पुसून गुळगुळीत झालेली. माळ्याच्या गजाला मी कॅमेरा बांधला आणि भिंतीलगत पंप मांडले. आईने एकच अट घातली. तिच्या नियमाने मोरीकडून देवाकडे काहीही सरपटत आणायचं नाही. झाडायचं ते देवाकडून मोरीकडे, धुवायचं तेही तसंच, मग अळीला वेगळा न्याय कशाला. "चालव तुला काय चालवायचं ते. फक्त तोंड मोरीकडं," ती म्हणाली. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसलं नाही. निघायची खूण मी देव्हाऱ्याखाली केली. सकाळी कॉलेजला जायच्या आधी दोन पिढ्या, आल्यावर दोन, रविवारी जमतील तितक्या. प्रत्येक मिनिटानंतर अळी उचलायची आणि परत देव्हाऱ्याखाली आणून ठेवायची.

पहिले कित्येक दिवस नुसता तमाशा होता. अळी वळवळायची, कुशीवर पडायची, कधी स्वतःभोवतीच गोल फिरायची. शेजारच्या काकू दारातून डोकावून विचारायच्या, "काय गं, चालली का तुझी अळी?" आणि उत्तराची वाट न बघता जायच्या. मला त्यांचा गळा धरावासा वाटायचा. चाळिसाव्या पिढीच्या आसपास एक माळ निघाली. ती लाटबिट काही करत नव्हती. पाचही कप्पे भराभर अर्धवट फुगवायची आणि सोडायची. अळी नुसती थरथरायची आणि थरथरत पुढे जायची. त्यानंतरच्या पिढ्यांत सगळ्या थरथरणाऱ्याच उरल्या, आणि आकडे दर आठवड्याला वाढत गेले. मला आकाश ठेंगणं झालं. रेशमाच्या अळीला जे सुचलं नाही ते माझ्या अळीने शोधलं, असं मी वहीत लिहून ठेवलं. ते वाक्य अजून त्या वहीत आहे आणि अजूनही वाचताना माझे कान गरम होतात.

आप्पा तेव्हा घरीच असायचे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी काम सोडलं होतं. का, असं विचारलं की म्हणायचे, "शहाबादी आता कोण बसवतं? समदे टाइल्सवाले झाले." दिवसभर मोरीजवळच्या पाटावर बसून चहा प्यायचे. जन्मभर बशीत ओतून पीत आलेला माणूस आता स्टीलच्या ग्लासात प्यायला लागला होता, ग्लास दोन्ही हातांनी धरून. मला त्यांचं ते बसून राहणं खुपायचं. एका रविवारी अळी थरथरत थेट त्यांच्या पायापर्यंत आली. त्यांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ही चालून न्हाई राह्यली. घसरून राह्यली. उतार हाय ना इकडं."

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी खाली वाकून बघितलं असतं. आप्पांनी सांगितलं म्हणून माझं डोकं फिरलं. भिंतीला नाक लावून उभ्या राहिलेल्या सगळ्या दुपारी एकदम वर आल्या. मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या घरात गुडघ्यावर रांगलात. चालणं काय असतं ते मला शिकवू नका."

आई भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. आप्पांनी ग्लास खाली ठेवला. थोडा चहा सांडला, तो त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने पुसला आणि उठून बाहेर ओट्यावर गेले. मी माफी मागितली नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. किती वर्षांचं उसनं आज परत केलं, असं वाटलं.

तरी मनात शंका नको म्हणून मी मोबाइल फरशीवर आडवा ठेवून उतार बघितला. पुरता एक अंशसुद्धा दाखवत नव्हता. मोबाइलच्या पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्याचाच फरक असेल, असं म्हणून मी तो विषय सोडला. माझ्या वर्गातल्या कोणी असं केलं असतं तर मी त्याची जर्नल भिरकावली असती.

त्या दिवसापासून आप्पांनी अळीबद्दल तोंड उघडलं नाही. पाटावर बसायचे, अळी पायापर्यंत आली की पाय आखडून घ्यायचे, आणि मी तिला उचलून नेली की पाय पुन्हा सोडायचे. मला वाटलं, जिरली. इकडे माझे आकडे बघून सरांना एकदम पुळका आला. "तुमचं खेळणं" आता "आपली अळी" झाली. मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजायचे, आलेल्या पाहुण्यांना माझ्याआधी स्वतःच अळीचं सांगायचे. टेबलावर मात्र ट्रॉफ्याच राहिल्या.

विद्यापीठात जायच्या सकाळी मी अळीचा डबा दारात आणून ठेवला. पंप, बॅटरी, नळ्या, सगळं त्यातच. रिक्षा आली तशी आप्पा उठले, डबा उचलला, छातीशी घट्ट आवळून धरला आणि रिक्षात नेऊन ठेवला. "नीट जा," एवढंच म्हणाले. तेवढ्यावर मला आपण जिंकलो असं वाटलं.

समितीत तिघं होते, आणि बाजूच्या खुर्चीत आमचे सर. काळ्या ग्रॅनाइटचं टेबल, त्याच्या पायांखाली पातळी जुळवायचे स्क्रू. मी अळी ठेवली आणि पंप चालू केले. अळी थरथरली. मिनिट झालं, ती ठेवली तिथेच थरथरत होती. मी नळ्या तपासल्या, दुसरी माळ लावली, तिसरी लावली. महिनोन्‌महिने निवडून ठेवलेल्या माझ्या सगळ्या उत्तम माळा त्या काळ्या दगडावर जागच्या जागी थरथरत राहिल्या. समितीतल्या एक बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "हिला थंडीताप आलाय का?" बाकीचे दोघे हसले. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मी यांना सांगत होतो, घाई करू नका." असं त्यांनी मला कधीही सांगितलं नव्हतं. तो डबा त्यांच्या तोंडावर मारावा असं मला तेव्हा वाटलं, आणि हे लिहितानाही वाटतंय. मी हात जोडून उभी राहिले. समितीने सहा आठवडे दिले. तेवढ्यात चालली तर ठीक, नाहीतर नोंदणी रद्द, आणि पुन्हा विचारायला यायचं नाही.

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले. रडू आलं नाही, राग एवढा होता की रडायला जागाच नव्हती. घरात शिरले ती चपला न काढताच देव्हाऱ्याखाली गेले आणि अळी ठेवून पंप लावले. निघाली की मोरीकडे, काही झालंच नाही अशी. उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. मग काय मनात आलं कोण जाणे, मी ती मोरीच्या बाजूला, देवाकडे तोंड करून ठेवली. आई "अगं" म्हणाली, मी लक्ष दिलं नाही. अळी थरथरली आणि शेपटीकडून, उलटी, सरकत जाऊन मोरीच्या कठड्याला टेकली.

मी तिथेच खाली बसले. आपल्याकडे मोरी असलेल्या खोलीची फरशी सपाट कधी नसतेच. धुतलेलं पाणी आपोआप मोरीकडे जावं म्हणून मिस्तरी तिला उतार देतो. मी त्या फरशीवर लहानाची मोठी झाले, अशा कित्येक फरश्यांच्या वेळी नळी धरून उभी राहिले, आणि तो उतार मला कधी उतार वाटलाच नाही. जमीन अशीच असते, एवढंच माहीत. त्यात आईच्या नियमाने रोज तोंड उताराकडेच. अळीने काही शोधलेलं नव्हतं. गुळगुळीत दगडावर थरथरत राहिलेली वस्तू खाली सरकते, बस. मी घसरणाऱ्यांना जपत गेले आणि खऱ्या चालू पाहणाऱ्या बिचाऱ्या हळू माळांना फेकत गेले. इतके महिने, स्वतःच्या हाताने.

आप्पा पाटावरच होते. मी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं."

"सांगितलं व्हतं."

"एकदा."

"मंग किती डाव सांगायचं? सांगितलं तवा तू काय म्हणलीस, याद हाय का?"

"रोज बघत होतात. आज सकाळी डबासुद्धा तुम्हीच रिक्षात ठेवलात."

"ठेवला. जड व्हता." त्यांनी ग्लास दोन्ही हातांत घेतला. "म्हणलं जाऊ दे. रांगणाऱ्या माणसाचं तू ऐकणार न्हाईस. तिथं शिकलेल्यांकडून ऐकशील."

"माझी नोकरी जाईल, आप्पा."

"नोकरीचं मला काय म्हाईत. मला वाटलं, नुसतं हसतील."

हे शेवटचं ते जरा हळू म्हणाले. पण मी ऐकून घ्यायच्या अवस्थेत नव्हते. सख्खा बाप डोळ्यांदेखत मुलीला खड्ड्यात जाऊ देतो, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात घण घालत होती. मी त्यांना नको नको ते बोलले, त्यातलं इथे लिहिण्यासारखं काही नाही. तेही गप्प बसले नाहीत. शेवटी आई मधे पडली आणि म्हणाली, "दोघंबी एकाच खाणीतले. आता जेवून घ्या." आम्ही दोघंही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या माळा पुसून टाकल्या. सपाट जागा शोधावी तर कॉलेजात टेबलावर ट्रॉफ्या आणि घरात सगळीकडे उतार. मग ठरवलं, या उतारालाच कामाला लावायचं. अळी मोरीजवळ ठेवायची आणि देवाकडे चढवायची. नुसती थरथरणारी मागे घसरेल, बाद होईल. जी फरशीला धरून धरून वर जाईल तीच उरेल. हे आईला सांगितल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिनेच तोड काढली. पंप लावायच्या आधी ती देव्हाऱ्याचा पडदा ओढायची, "देवा, पोरीचं काम हाय, इकडं बघू नको" म्हणायची, आणि पिढी संपली की पडदा उघडायची. देवाने त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात फारसं काही बघितलं नसेल.

आप्पा पाटावरून हटले नाहीत. अळी आता त्यांच्या पायापासूनच निघायची. आमचं बोलणं पूर्ण बंद होतं. अळी चार बोटं चढायची आणि मागे घसरायची, की आप्पा तोंडाने च्च करायचे. दिवसातून शंभरदा च्च. ते मला मुद्दाम खिजवतात अशी माझी खात्री होती. एकदा मी आईला म्हणाले, "च्च करणाऱ्यांना म्हणावं, बाहेर बसा." आईने निरोप पोचवला नाही, पोचवायची गरजही नव्हती, आप्पा तीन हातांवर होते. ते उठले नाहीत. तिसरा आठवडा गेला, चौथा गेला. सरांचा फोन आला की माझ्या जागी दुसरी व्यवस्था बघून ठेवायची का, गैरसमज नको. मी "बघा" म्हणून फोन आपटला आणि मग अर्धा तास मोरीच्या कठड्यावर बसून राहिले. कितीही पिढ्या झाल्या तरी अळी घसरतच होती.

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी एका माळेने सगळ्यांत मागचा कप्पा आधी फुगवला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. मागचं अंग फरशीला चिकटून राहिलं आणि तोंड कणभर वर सरकलं. मागे आलं नाही. पुन्हा मागचा कप्पा, पुन्हा पुढचा. मामाच्या शेडमधली तीच लाट होती, ओबडधोबड, पण तीच. मोरीकडून च्च ऐकू आलं नाही. वळून बघितलं तर आप्पा पाटावरून पुढे वाकून अळीकडे बघत होते. माझी नजर गेली तशी त्यांनी मान फिरवली.

सहाव्या आठवड्यात त्याच ग्रॅनाइटच्या टेबलावर अळी चालली. देखणी बिलकुल नाही. हळू, ओढून आणल्यागत, मिनिटात अर्धी वीतसुद्धा नाही. पण चालली, आणि वळवून ठेवली तर दुसरीकडेही चालली. चष्म्याच्या बाईंनी टेबलाच्या दोन पायांचे स्क्रू फिरवून, ते कणभर तिरकं करून बघितलं, तरी चालली. सर म्हणाले, "मी म्हणालोच होतो." या वेळी मला हसू आलं. नोंदणी राहिली, करारही राहिला. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आप्पांना सांगितलं नाही, ते ऐकतच होते.

मग प्रबंध लिहायला घेतला. प्रयोग कुठल्या जमिनीवर केला तेही त्यात लिहावं लागतं. मी लिहिलं: शहाबादी फरशी, मोरीकडे उतार, फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे लहानपणापासून कानावरचं. मोजलं नव्हतं, मोबाइलच्या आकड्यावरून गणित मांडलं होतं. प्रबंध इंग्रजीत, पण आपली मोरी पुस्तकात आली याचं आईला भारी कौतुक, म्हणून तेवढी ओळ तिला मराठीत सांगत होते. पाटावरून आवाज आला, "दीड." कित्येक आठवड्यांतला त्यांचा माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"काय दीड?"

"फुटाला दीड सूत. एक न्हाई. मी दिलाय तो उतार."

"मोबाइलमध्ये एक येतंय."

"मंग मोबाइललाच इचार."

माझं टाळकं सरकलं. आता मोजूनच दाखवते म्हणाले. माळ्यावरून त्यांची हत्यारांची पिशवी काढली, नळी बाहेर काढून धुतली, पाणी भरलं. नळी एकट्याला धरता येत नाही. एक टोक आप्पांच्या हातात दिलं, ते मोरीजवळ भिंतीला उभे राहिले. दुसरं घेऊन मी देव्हाऱ्याखाली उभी राहिले, भिंतीला नाक लावून. जिला पुन्हा हात लावणार नव्हते तीच नळी.

पाणी वरखाली झालं आणि हळूहळू निवायला लागलं. पण पुरतं थांबेना. मी हात भिंतीला घट्ट टेकवला, मनगट दुसऱ्या हाताने धरलं. तरी माझ्या टोकाचं पाणी बारीक बारीक डुचमळत होतं. "हालू नका," मी म्हणाले. अगदी त्यांच्याच आवाजात. पाणी डुचमळतच राहिलं. मान वळवून बघितलं. आप्पा खांदा भिंतीला टेकून उभे होते, नळी दोन्ही हातांनी धरलेली, आणि दोन्ही हात थरथरत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, नळीतल्या पाण्याकडे बघत होते.

शहाबादी आता कोण बसवतं. बशीऐवजी ग्लास. छातीशी आवळलेला डबा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं. अळीची थरथर मी वरून कॅमेरा लावून पिढ्यानपिढ्या मोजली, आणि त्याच खोलीत पाटावर बसलेल्या माणसाची मला एकदाही दिसली नाही. मला माझी लाज वाटली. त्यांचा रागही आला, सांगितलं का नाही म्हणून. मग आठवलं, त्यांनी काही सांगितलं की मी काय बोलते ते.

पाणी थांबणार नव्हतं. मी माझ्याकडे अंदाजाने एक खूण केली. आप्पांनी त्यांच्याकडे केली, ती वाकडी झाली. मी टेप घेऊन दोन्ही खुणांची जमिनीपासूनची उंची मोजली, कागदावर वजाबाकी केल्यासारखं केलं.

"दीड," मी म्हणाले. "बराबर हाय तुमचं."

"मंग," आप्पा म्हणाले आणि नळी खाली सोडून पाटावर जाऊन बसले. नळीतलं पाणी सांडलं आणि फरशीवरून मोरीकडे गेलं. मी प्रबंधात एक खोडून दीड लिहिलं. पुन्हा मोजून बघितलं नाही.